घोटभर पाण्याचं पथ्य

गिरगाव, २ मे २०२४

दादा,

जय भीम.

फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून पोस्टाने लिहिते. एवढी एकच वाट तुला बंद करता आली नाही.

रविवारी तुझ्या नजरेने काय झालं ते मला माहीत आहे. चाळ पाडणार, नायगावची खोली सोडायची, म्हणून आईने सगळ्यांना शेवटचं जेवायला बोलावलं. मटण, वडे, सुकटाची चटणी. वरळीची आत्या आली, काकांकडचे सगळे आले. मी आले आणि पिशवीतून स्वतःचा डबा काढला. मनवा वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली, तर मी म्हणाले, "नको वहिनी, माझी बाटली आहे." घडलं ते एवढंच.

मग तू सगळ्यांसमोर म्हणालास, "आठल्येबाईंना आपल्याकडचं पाणी चालत नाही. जरा लांब बसा रे, विटाळ होईल त्यांना." आत्याचा जावई हसला. आई शेगडीकडे तोंड करून उभी राहिली, ती वळलीच नाही. मी डबा तसाच पिशवीत टाकून खाली उतरले, आणि तू कठड्यावरून वाकून ओरडलास, "आता या घरात पाय ठेवायचा नाही."

कुठल्या घरात, दादा? ती खोली तर पाडणारच आहेत. आई जिथे राहील ते घर. मला तिथे यायचंय. तू परळला भाड्याने जागा घेतली आहेस, ती गल्लीही मला माहीत आहे. पण माफी मागून मी येणार नाही, कारण माफी मागण्यासारखं मी काही केलेलं नाही.

तुझा राग कुठून येतो हे मला कळत नाही असं समजू नकोस. आमचं लग्न ठरवायला अभयच्या घरचे नायगावला आले होते. आईने पहाटे उठून पुरणपोळ्या केल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "आज मंगळवार, आम्हा सगळ्यांचाच उपवास." सात माणसांचा उपवास. त्यांनी एक एक केळं सोललं आणि ते उठले. तू त्यांना बस स्टॉपपर्यंत सोडायला गेलास, तेव्हा अभयचे काका नाक्यावर वडापाव खात होते. ते तू मला लग्न झाल्यावर सांगितलंस, आधी नाही, हे मी विसरलेले नाही. बाबांना गावात वरून पाणी ओतायचे, ओंजळीत, ती गोष्ट आपण दोघांनी एकाच गोधडीत ऐकली आहे. म्हणून रविवारी तुला जे वाटलं ते परक्याला वाटलं असतं तर मी समजू शकले असते.

आता कारण. जानेवारीत मला पल्मनरी हायपरटेन्शन निघालं. हृदयाकडून फुप्फुसांत रक्त नेणाऱ्या नळ्या आतून अरुंद झाल्या आहेत आणि त्यांतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकते. मीठ खाल्लं की अंगात पाणी साठतं. पाय सुजतात, पोट टम्म होतं, आडवं झालं की श्वास पुरत नाही. म्हणून मीठ जवळजवळ बंद. आणि पाणी मापून. दिवसाला सगळं मिळून दीड लिटर. त्यात चहा आला, आमटी आली, गोळीबरोबरचा घोटही आला. माझी एक बाटली आहे, ती भरायची आणि पुरवायची. रविवारच्या उकाड्यात बाटलीच्या तळाशी राहिलं होतं ते रात्रीच्या गोळ्यांसाठी होतं. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती, दादा. वहिनीच्या तांब्याला बाहेरून दव आलेलं मला अजून दिसतंय.

आधी का सांगितलं नाही? आईला खोली सोडून पायऱ्या उतरताना रडवायचं नव्हतं. तू "त्या घरात जाऊनच दुखणं लागलं" म्हणाला असतास. आणखी एक कारण आहे, ते इथे लिहीत नाही.

प्राची


गिरगाव, १९ जून २०२४

दादा,

जय भीम.

पत्र मिळालं म्हणायचं. वहिनीचा मेसेज आला. ती मास्तरीण, तुझे शब्द तिने काना-मात्रेसकट उतरवले आहेत. "पाणी न पिण्याचा आजार आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. डॉक्टर अख्ख्या मुंबईला जास्त पाणी प्या सांगतात आणि हिला एकटीला कमी पी म्हणाले. बीपी आईलाही आहे, ती तांब्याने पिते. दुसरं कारण शोध म्हणावं." आणि खाली, वहिनीचं स्वतःचं, "खरं असेल तर रिपोर्टचा फोटो पाठव ना. मी त्यांना दाखवते."

हे आईचं बीपी नाही. दंडाला पट्टा बांधून माझं मोजलंस तर एकदम चांगलं येईल. हा दाब फुप्फुसात आहे. बाहेरून काही दिसत नाही, उलट चेहरा जरा भरल्यासारखा दिसतो. आत्या म्हणालीच ना, "सासरचं तूप मानवलंय." ते तूप नव्हतं, पाणी होतं.

रिपोर्ट मी पाठवणार नाही.

कॉलेजला जातीचा दाखला दाखवला. नोकरीला लागताना पडताळणी झाली. लग्न झाल्यावर नाव बदललं तेव्हा तोच दाखला पुन्हा काढला, आणि खिडकीतल्या माणसाने "आता आठल्ये ना, मग कशाला हवाय?" असं विचारलं. जन्मभर प्रत्येक दारात कागद पुढे केला. आईच्या दारातही कागद दाखवूनच आत घेणार असशील तर ते दार आणि ती खिडकी सारखीच.

तुला खोटं वाटतंय तर ऐक, मी काय खाते. बिनमिठाची भाकरी. बिनमिठाची आमटी, अर्धी वाटी. भाजीला लसूण, जिरं, लिंबू, कैरी मिळाली तर कैरी. सुकट बंद, पापड बंद, लोणचं बंद, फरसाण बंद. पावातही मीठ असतं आणि आमसुलातही असतं, हे मला आजारी पडल्यावर कळलं. पालेभाजी रोज ठरलेली वाटीभर, कमी नाही की जास्त नाही, कारण रक्त पातळ करणारी गोळी त्यावर बेतलेली आहे. एकदम पोटभर जेवायचं नाही, थोडं थोडं पाच वेळा, कारण पोट भरलं की श्वासाला जागा उरत नाही. ऑफिसात मुली म्हणतात, "मॅडम डाएटवर आहेत." मी हो म्हणते.

आईच्या हातच्या मटणाच्या वासाने त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढंच बघायचं होतंस.

प्राची


गिरगाव, ४ सप्टेंबर २०२४

दादा,

आई इथे येऊन गेली, तुला न सांगता. आणि मग शनिवारी तू येऊन गेलास, मला न भेटता. दोन्हीचं सांगते, कारण अर्धं तुला माहीत नाही.

आई दुपारी आली. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली, या घरात ती पहिल्यांदा आत आली. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. आई तिथेच ओट्याशी टेकली. तिची नजर बघ तू, कशी असते. फळीवर एक छोटं पातेलं, एक वाटी, एक चमचा, बाजूला ठेवलेले. पातेल्याच्या कानाला सासूबाईंनी लाल दोरा बांधलाय. आईने विचारलं, "हे कुणाचं?" सासूबाई म्हणाल्या, "प्राचीचं. तिचं वेगळं." आईचा चेहरा विझला. मी सांगत होते, आई, त्यात मीठ नसतं, चुकून दुसऱ्याचं मिसळू नये म्हणून. ती मान हलवत होती. तिने ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. सासूबाईंनी चहा केला तो तिने घेतला, पण उभ्यानेच.

निघताना दारात तिने हळूच विचारलं, "आणि बाळाचं काय गं?" आता लिहून टाकते ते दुसरं कारण. डॉक्टर म्हणाले, या आजारात दिवस राहिले तर बाळ आणि आई दोघंही वाचतील असं नाही. विषय बंद. हे मला आईला सांगायचं नव्हतं. जिन्यात उभं राहून सांगितलं. ती कठडा धरून खाली उतरली. तुला तिने हे सांगितलं नसणार. पातेल्याचं सांगितलं.

आणि पातेल्याचं ऐकून तू आलास.

तुला वाटलं मी घरात नाही. मी आतल्या खोलीत उशा लावून बसले होते, पाय वर करून. दार लोटलेलं होतं. सगळं ऐकलं.

"माझ्या बहिणीची भांडी वेगळी का?" तू.

"आधी बसा तर." सासूबाई.

"बसायला नाही आलो. आमच्या बापाला गावात वेगळं भांडं होतं. तिला मुंबईत, शिकून, नोकरी करून, तुमच्या घरात वेगळं?"

"जेवलात का?"

"तुमच्याकडे? उपवास आहे माझा."

तो टोला त्यांना बसला. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच दिला होता. मला आत हसू आलं, खोटं कशाला सांगू.

मग पाटावर ताट ठेवल्याचा आवाज. "एक घास खा," त्या म्हणाल्या. "त्या दोऱ्याच्या पातेल्यातलंच आहे. मग भांडा हवं तेवढं."

चमचा वाटीवर वाजला. मग तू म्हणालास, "मीठ विसरलात."

"जानेवारीपासून विसरतेय."

अभय मधे पडला. माझी बाटली दाखवली, तिच्यावर मार्करने मारलेल्या रेघा दाखवल्या, गोळ्या दाखवल्या. "प्राचीला बोलावू?" त्याने विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "नको, झोपू दे." म्हणजे मी घरात आहे हे तुला तेव्हा कळलं होतं. मग चपला घातल्याचा आवाज आला. जिन्यावरून तू एकेक पायरी थांबत उतरलास, तेही ऐकलं. दम मला लागतो, तुला नाही.

आता राग कशाचा ते सांगते. दुसऱ्यांनी मला वेगळं ठेवलं असं कळल्यावर तू ड्युटी बदलून धावत आलास. आणि मी स्वतः तुला दोनदा लिहिलं तेव्हा तुला कागद हवा होता. माझ्या अक्षरावर विश्वास बसला नाही, सासूबाईंच्या आमटीवर बसला.

त्यांना मी देवी करत नाही. माझं पथ्य त्या सांभाळतात, पण शेजारच्या बाईंना "त्यांच्याकडचंच काहीतरी आलं असणार" असं सांगताना मी त्यांना ऐकलं आहे. मधे त्या दुकानातून कमी सोडियमचं मीठ घेऊन आल्या, मोठ्या हौसेने. डॉक्टर ओरडले. त्यात पोटॅशियम असतं, माझ्या एका गोळीबरोबर ते चालत नाही. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू मीच डॉक्टरांना ओरडायला लावलं. असं आहे इथलं. पण पातेल्याला दोरा बांधताना त्यांनी मला विचारलं होतं, "चालेल ना गं, नाहीतर तुला काहीतरीच वाटायचं." काय वाटेल हे त्यांना माहीत होतं. एवढं तरी.

तू विचारलं नव्हतंस.

प्राची


गिरगाव, ६ जानेवारी २०२५

दादा,

शहाळी मिळाली. वॉचमनकडे ठेवून गेलास, वर आला नाहीस.

एका शहाळ्यात दोन पेले पाणी असतं आणि पोटॅशियमही बरंच असतं. मला एकही चालत नाही. सासूबाई आणि अभय दोन दोन प्यायले. मलई मी चमचाभर चाखली. गोड होती.

आजारी माणसाला शहाळं न्यायचं, हे तुला बाबांपासूनच माहीत. रागावले नाही. पण एकदा जिना चढून विचारलं असतंस तर चार शहाळ्यांचं ओझं वाचलं असतं.

प्राची


गिरगाव, १४ मे २०२५

दादा,

जय भीम.

आता तू फोन उचलतोस, तरी हे पत्रच लिहिते. बोलताना मला मधे थांबावं लागतं, आणि मी थांबले की तू घाबरून विषय बदलतोस. कागदावर थांबले तरी तुला कळत नाही.

परवा बुद्धपौर्णिमेला तू बोलावलंस. वर्षभराने. परळच्या घरात मी पहिल्यांदा पाय ठेवला. तू खाली रस्त्यावर न्यायला आला होतास, लिफ्टमध्ये खुर्ची ठेवली होतीस. लाज वाटली, पण बसले. आईने दारात माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. तेवढ्यासाठी मी पुन्हा तीन तास तयारी करून येईन.

पण बाकीचं बोलायला हवं.

तू सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतंस. आत येताच खोलीत आवाज उतरला. आत्या माझ्याशी हळू बोलत होती, जशी आजारी मुलाशी बोलतात. गेल्या वर्षी हसलेला तिचा जावई उठून उभा राहिला आणि खुर्ची दिली. गेल्या वर्षी मी आठल्येबाई होते, या वर्षी पेशंट झाले. मधल्या वेळात प्राची कुठे गेली, कुणी पाहिली का?

सगळे खाली पंगतीला बसले. मला खिडकीजवळ, टेबलावर, एकटीला. वहिनीने कोरी करकरीत ताट-वाटी आणली होती. उकडलेला दुधी, बिनमिठाचा भात, काकडी. तू फोनवर वाचून दाखवत होतास, "पालक चालतो बघ, हृदयाला उत्तम लिहिलंय." मी म्हटलं, "माझं माप ठरलेलं आहे." तू म्हणालास, "अगं पण इथे लिहिलंय." वहिनी म्हणाली, "अहो, तिला विचारा ना, तिचंच अंग आहे." घरात एक तरी माणूस शहाणं आहे.

मग खीर आली. बुद्धपौर्णिमेची खीर, आईच्या हातची, वेलदोड्याची. ती सगळ्यांना वाढली. माझ्या टेबलाशी आल्यावर तू आईचा हात धरलास. "हिला नको. पथ्य आहे." आईने वाटी मागे घेतली.

खिरीत मीठ नसतं, दादा. दूध मापात धरायचं, एवढंच. पंगतीतल्या अख्ख्या ताटात मला चालणारा तो एकच पदार्थ होता. मी सकाळपासून त्या वाटीभरासाठी चहा घेतला नव्हता. मला "हो" म्हणता आलं असतं. पण तू माझ्या वतीने "नको" म्हणून मोकळा झाला होतास, आणि सगळे माझ्याकडे इतक्या मायेने बघत होते की मागून घ्यायची हिंमत झाली नाही.

पाण्याचंही तसंच. वहिनी तांब्या घेऊन सगळ्यांपुढे गेली. माझ्यापाशी आली आणि तिने तांब्या पदराआड धरला, मला दिसू नये म्हणून. मला तहान लागेल म्हणून. तिने चांगल्या मनानेच केलं. मी सकाळी आले, संध्याकाळी निघाले. दिवसभरात मला एकाही माणसाने पाणी विचारलं नाही.

बाबांना ओंजळीत तरी ओतायचे. हे वाक्य मी खोडणार होते. राहू दे. तुला लागायला हवं.

तुझ्या मनात तसं काही नव्हतं, मला माहीत आहे. गेल्या वर्षी माझ्याही मनात नव्हतं. मनात नसताना ते कसं दिसतं, ते परवा मी खुर्चीत बसून पाहिलं. तुला तेव्हा काय झालं असेल ते थोडं कळलं. पण म्हणून तू जे बोललास ते मिटलं असं नाही. मी पेशंट नसते आणि नुसती गर्विष्ठ झाले असते, तरी तुला आईचं घर बंद करायचा हक्क नव्हता. आजार खरा निघाला म्हणून तू दार उघडलंस. मला ते दार आजारावाचून हवं होतं.

डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात गोळी बदलली. आधीची पुरेना. पुढचं विचारलं तर ते म्हणाले, बघू. एवढं तुला सांगून ठेवते. आईला सांगू नकोस, ती विचारेल तेव्हा मी सांगेन.

तुला काय करायचं ते साधं आहे. फोनवरचं वाचू नकोस. वेगळं टेबल नको, मला पंगतीत पाट दे, उठताना हात दे. पातेलं वेगळं असू दे, त्याला दोरा बांध, सुतळी बांध, काहीही बांध. आणि जे सगळ्यांना विचारतोस ते मला विचार. पाणी, मटण, खीर, सगळं. बहुतेक वेळा मी नको म्हणेन. ते माझ्या तोंडून येऊ दे.

येत्या रविवारी आईकडे येते. दिवसाच्या मापातला एक पेला शिल्लक ठेवून येईन. विचारायचं की नाही ते तू ठरव.

प्राची